अकरा कोटांवर एक हात

बाथरूममध्ये अकरा पांढरे कोट वाळत होते आणि कंपाउंडरांना बाथरूम हवी होती. तीही आजच, सकाळीच.

"कोट हलणार नाहीत," बायको म्हणाली. ती घरी शिवणकाम करायची. कोट इस्पितळाचे होते. खडूच्या खुणा जाव्यात म्हणून शिवून झाल्यावर तिने ते धुऊन हँगरला लावले होते. "बारा वाजता मेट्रनबाई न्यायला येणार आहेत. तुमचं धुणं उद्या धुवा."

"धुणं नाही. फिल्म आहे."

"पाण्यात बुचकळता, हलवता, चिमटा लावून वाळत घालता. मग धुणंच की!"

"उद्या आक्का चालली," कंपाउंडर म्हणाले.

यावर मात्र बायकोने कोट दोन्ही बाजूंना सरकवून मधे थोडी जागा केली.

आक्का म्हणजे कंपाउंडरांची थोरली बहीण. खालच्याच मजल्यावर एकटी राहायची. आता तिचे गुडघे जिन्याला नाही म्हणायला लागले होते, म्हणून लेक तिला कायमची आपल्या गावी घेऊन चालली होती. या घरात आक्काचा एकही फोटो नव्हता, कारण आक्का फोटो काढूच द्यायची नाही. तरुणपणी टेलिफोन ऑफिसात लागली तेव्हा ओळखपत्रासाठी तिचा फोटो काढला होता. चोपून तेल लावलेल्या केसांवर फ्लॅश असा काही चमकला, की आक्काला त्या फोटोत चक्क टक्कल पडलं. तीस वर्षं तिने ते ओळखपत्र उलटं लावलं आणि त्यानंतर कॅमेरा दिसला, की ती दुसऱ्या खोलीत जायची.

काल मात्र कंपाउंडरांनी हट्टच धरला. अर्धा तास विनवण्या केल्यावर आक्का खिडकीशी खुर्ची ओढून बसली. "एकच रीळ. त्यात आलं तर आलं. पुन्हा विचारायचं नाही," तिने बजावलं. रीळ बारा फोटोंचं. आक्काचे केस आता पिंजलेल्या कापसासारखे पांढरे झालेले आणि खिडकीतून येणारं ऊन थेट त्यांच्यावर. नेहमीच्या डेव्हलपरमध्ये फिल्म धुतली असती, तर केसांचा सपाट पांढरा गोळा झाला असता. म्हणजे पुन्हा टक्कल, आणि तेही भावाच्या हातून!

म्हणून कंपाउंडरांनी डाग पाडणारा डेव्हलपर घ्यायचं ठरवलं. त्याच्या दोन बाटल्या असतात. दोन्हीतलं पाण्यासारखं द्रावण एकत्र केलं, की ते जागं होतं आणि हवा लागली, की तपकिरी पडत जातं. फिल्मवर चित्राबरोबर तो फिकट डागही धरतो, आणि या डागामुळेच उजेडातल्या जागा करपत नाहीत, केस न् केस वेगळा राहतो. औषध विषारी, म्हणून हातमोजे घालायचे. एकदा मिसळलं, की थांबायचं नाही, कारण ते लगेच मरायला लागतं. निवृत्तीपर्यंत दवाखान्यात औषधांच्या बाटल्या भरत आलेल्या माणसाला हे अवघड नव्हतं. नोकरी सुटली तरी 'कंपाउंडर' हे नाव काही सुटलं नव्हतं.

"कोटांना हात लावणार नाही," त्यांनी शब्द दिला.

"लावूच नका. मी यांची बटणं घेऊन येते. अकरा ठेवून चाललेय, अकरा मोजून घेईन," असं म्हणून बायको बाजारात गेली.

कंपाउंडरांनी बाथरूममध्ये शिरून भिंतीवरचं घड्याळ नळाच्या खांद्यावर टेकवलं. दोन्ही बाजूंना कोट असे लटकत होते, की जणू अकरा डॉक्टर पेशंटभोवती जमलेत. ते अंग चोरून मधे उभे राहिले. पाणी चोवीस अंशांवर होतं, ते बर्फाचा खडा घालून विसावर आणलं. दोन्ही बाटल्यांतलं द्रावण मोजून पाण्यात मिसळलं. आता फिल्म तेवढी डब्यात भरायची, दोन मिनिटांचं काम. काळ्या कापडाच्या जाड पिशवीत रीळ, फिल्म गुंडाळायची चक्री आणि डबा घालून त्यांनी चेन लावली, पिशवीच्या बाह्यांतून दोन्ही हात आत सरकवले आणि चाचपडत रिळावरचा कागद सोडवला.

नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली.

बायको किल्ली नेते, म्हणजे दुसरं कोणीतरी होतं. कंपाउंडर फिल्मचं टोक चाचपडत राहिले. पुन्हा बेल वाजली. मग लागोपाठ वाजतच राहिली. शेवटी ते पिशवी पोटाशी धरून दारापर्यंत गेले आणि कोपराने कडी वर ढकलली.

दारात मेट्रनबाई. उंच, रुंद आणि घाईत.

"कोट झाले? आमच्याकडे दोन वाजता तपासणीला लोक येणारेत, आत्ताच फोन आला. म्हणून लवकर आले." मग त्यांची नजर खाली गेली. "तुमचे हात कुठेत?"

"पिशवीत."

"काय झालंय हातांना?"

"काही नाही झालेलं. अंधारात आहेत."

मेट्रनबाईंनी नोकरीत अनेक तऱ्हेची माणसं पाहिली होती. त्यांनी आवाज मऊ केला. "असं झाकून ठेवू नये. जखम चिघळते. बघू," असं म्हणत त्यांनी पिशवीची चेन पकडली.

"सोडा!" कंपाउंडर ओरडले. "उघडलंत तर आक्का गेली!"

"कोण गेली?"

"माझी बहीण. आत आहे."

मेट्रनबाईंनी चेन सोडली आणि दोन पावलं मागे सरकल्या. तिथल्या तिथे उभं राहून कंपाउंडरांनी सगळं समजावून सांगितलं. सांगता सांगता पिशवीतल्या पिशवीत फिल्म चक्रीवर चढवली, डब्याचं झाकण लावलं आणि मगच हात बाहेर काढले. मेट्रनबाईंनी ते दोन्ही बाजूंनी तपासले आणि खुर्चीवर बसल्या.

या सगळ्यात सात मिनिटं गेली. बाथरूममध्ये येऊन बघतात तो द्रावण पिवळसर पडायला लागलेलं. म्हणजे आता थांबायला सवड नाही. त्यांनी हातमोजे चढवले, झाकणाच्या भोकातून द्रावण डब्यात ओतलं, वरचं टोपण दाबलं आणि घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं. दर अर्ध्या मिनिटाला दहा सेकंद डबा उलटासुलटा करायचा.

"अहो, कोट द्या ना!" बाहेरून आवाज आला.

"अकरा मिनिटांनी देतो."

"अकरा मिनिटं? मला अजून मोजून, तपासून घ्यायचेत. तुम्ही नाही दिलेत तर मीच आत येते."

बाथरूममध्ये दोन माणसांची जागा नव्हती, त्यात मेट्रनबाईंची तर नव्हतीच. कंपाउंडरांनी हिशेब केला. दहा सेकंद डबा, वीस सेकंद मोकळे. वीस सेकंदांत एक कोट सहज जाईल. त्यांनी दार हातभर उघडलं. डबा उलटासुलटा, खाली ठेवला, हँगर काढला, कोट छातीशी धरला, फटीतून बाहेर दिला. पुन्हा डबा. पुन्हा कोट. नेमकेपणाचं एक समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. उगाच नाही डॉक्टर म्हणायचे, की हा माणूस घड्याळाला वेळ सांगेल.

टोपणाचं रबर जुनं होऊन कडक झालंय आणि दर वेळी डबा उलटा केला की दोन-चार थेंब उजव्या हातमोज्यावर ओघळतात, हे त्यांना दिसत होतं. पण थेंब कसले, पाण्यात चमचाभर चहा पडावा इतकाच त्यांचा रंग. शिवाय हातमोजा घातलेला. हात सुरक्षित होता. बाकी कशाचा विचार करायला वीस सेकंद पुरत नाहीत.

अकरावा कोट बाहेर गेला तेव्हा बायको किल्लीने दार उघडून आत आली.

"बाई, तुम्ही? आणि कोट कुणी काढले?"

"यांनीच दिले. शिवण छान आहे हो," मेट्रनबाई सोफ्यावर कोट पसरत म्हणाल्या. "फक्त या पहिल्यावर काहीतरी डाग आहे."

"डाग? शक्यच नाही."

"मघाशी नव्हता. दोनदा तपासला मी." त्यांनी चष्मा पुसला. तेवढ्यात त्या फिकट डागाशेजारी दुसरा उमटला, मग तिसरा. बायको खाली वाकली. कोटाच्या उजव्या छातीवर, बघता बघता, चार बोटं वर येत होती. मागून सावकाश अंगठाही आला.

"दुसऱ्यावरपण!" मेट्रनबाई म्हणाल्या. "चौथ्यावर बघा, तर्जनी आली!"

बायकोने बाथरूमचं दार हाताने बडवलं. "बाहेर या!"

"अजून साडेपाच मिनिटं."

"कोटांवर हात उमटलाय!"

"कुणाचा?"

"या घरात कोटांना हात न लावण्याचा शब्द कुणी दिला होता?"

कंपाउंडरांनी उजवा हातमोजा बल्बसमोर धरला. तो खजुराच्या रंगाचा झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही एकदा नाही, अकरा वेळा. एरवी ते तसेच धावत बाहेर गेले असते. पण अर्धं मिनिट झालं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि डबा उलटा केला.

"ऐकू येतंय ना? तपासणी आहे दोन वाजता!"

"येतंय. आत्ता बाहेर आलो तर कोट सुधारणार नाहीत आणि आक्का बिघडेल. पाच मिनिटं दे. मग म्हणशील ते करतो."

बायकोने दारावरचा हात काढला.

डेव्हलपर झाला, पाणी झालं, फिक्सर झाला. फिल्म वाहत्या पाण्याखाली लावून कंपाउंडर बाहेर आले ते आरोपीसारखे, हात पुढे करून. रंगेहाथ पकडलं जाणं काय असतं ते त्यांना आयुष्यात प्रथमच कळलं. सोफ्यावर अकरा कोट ओळीने पसरले होते आणि प्रत्येकाच्या छातीवर त्यांचा उजवा हात होता, एकाच जागी, एकाच तिरकेपणाने. शिक्के मारले असते तरी इतके सारखे आले नसते.

"निघेल," ते म्हणाले. "डाग म्हणजे शेवटी रसायनच."

त्यांनी आधी साबण लावला. बोटं जागची हलली नाहीत. लिंबू पिळलं, तर बोटांना लिंबाचा वास आला. मग त्यांनी धुण्याचा सोडा कालवून पहिल्या कोटावर चोळला. क्षणभर काही झालं नाही, आणि मग फिकट बोटं पिकल्यासारखी गडद झाली. अंगठ्यावरच्या हातमोज्याच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येऊ लागल्या.

"अरे देवा," कंपाउंडर पुटपुटले. "दुसऱ्या बाटलीत सोडाच तर असतो!"

"म्हणजे तुम्ही डाग धुतला नाहीत," बायको म्हणाली. "डेव्हलप केलात."

मेट्रनबाईंना हसू येत होतं, पण घड्याळाकडे बघून त्यांनी ते आवरलं. "आमचे जुने कोट कालच चिंध्यांत काढलेत. तपासणीला अकरा डॉक्टर काय शर्टावर उभे करू? अकरा वाजून गेलेत. काय करायचं ते लवकर ठरवा."

बायकोने पहिला कोट उचलून उजेडात धरला. डोकं एका बाजूला कलतं करून ती डागाकडे बघत राहिली. डावीकडे एक खिसा होता. उजवीकडे, जिथे खिसा नव्हता, तिथे हात होता. तिने टेपने हात मोजला. पाच इंच रुंद, साडेसहा उंच.

"अहो, कपाटावरचं उरलेलं कापड काढा," ती म्हणाली. "आणि तो हातमोजा फेकून द्या. नवा जोड घाला. माझ्या कापडाला आज तुमची कातडी लागायला नको."

मग त्या घरात जी हातघाई सुरू झाली तिला तोड नव्हती. बायको खिसे कापत होती आणि लगोलग मशीनवर जोडत होती. मेट्रनबाईंनी "मी काय नुसती बसू?" म्हणून इस्त्री हातात घेतली आणि ओलसर कोट वाफाळत सरळ करायला लागल्या. कंपाउंडर खुर्चीत बसून हातमोजे घालून बटणं लावत होते. हातमोजा घालून सुईत दोरा ओवणं हे किती कठीण आहे, ते त्यांना चौथ्या बटणापर्यंत कळलं. दोनदा त्यांनी हातमोजाच कोटाला शिवला. दोन्ही वेळा मुकाट्याने उसवला आणि पुन्हा सुरुवात केली. बोलत होतं ते फक्त मशीन.

मधे एकदा ते परवानगी मागून बाथरूममध्ये जाऊन आले आणि फिल्म चिमट्याला लावून आले. बायको हात पुसायला मागोमाग गेली, तिने वर पाहिलं.

"यालाही डाग पडलाय! सगळं पिवळट, शेवाळ्यासारखं."

"तो हवा होता," कंपाउंडर हळूच म्हणाले.

"म्हणजे हवा होता तो आणि नको होता तो, दोन्ही एकच डाग?"

"एकच."

बायकोने फिल्मकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं. "आक्का दिसतेय का त्यात?"

"दिसतेय."

"मग चला. सहा कोट राहिलेत."

एक वाजून वीस मिनिटांनी अकरावा खिसा लागला. मेट्रनबाईंनी एक कोट स्वतःच्या अंगात घातला, नव्या खिशात हात घातला, वही घातली, कात्री घातली, पाण्याची छोटी बाटली घातली. खिशात अजून जागा होती. "हे आधीच का नाही सुचलं तुम्हाला?" त्या बायकोला म्हणाल्या. "आमचे डॉक्टर एका खिशात सगळं कोंबतात आणि मग पेन शोधत वॉर्डभर फिरतात. पुढचे वीस असेच शिवा." कोटांचा गठ्ठा खांद्यावर टाकून त्या जिना उतरल्या. खालून त्यांचं दाबून ठेवलेलं हसू एकदाचं फुटल्याचं ऐकू आलं.

बायको मशीनवर डोकं टेकून बसली. कंपाउंडर तिच्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "चहा करू?"

"करा. पण हातमोजे काढून करा. आणि हात धुऊन."

दुपारी बाथरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवून त्यांनी बाराही फोटो छापले. ट्रेमधल्या कागदावर पहिल्यांदा आक्काचे केस उमटले तेव्हा ते ट्रेवर आणखी वाकले. कपाळावरून मागे वळलेली एकेक बट, कानामागे सुटलेला एकेक केस, आणि त्या सगळ्यांतून आरपार जाणारं ऊन. टकलाचा मागमूस नव्हता. त्यांनी बायकोला हाक मारली. ती दारातूनच बघत राहिली, बराच वेळ.

"चांगला आलाय," ती म्हणाली. तिच्या तोंडून इतकं म्हणजे फार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खाली गेली. आक्काच्या बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. लेक गाडी बघायला बाहेर गेली होती. कंपाउंडरांनी बारा फोटो पलंगावर मांडले आणि सातव्यावर बोट ठेवलं. "हा बघ, आक्का. केस मोजून घे. एक कमी भरला तर सांग."

आक्काने चष्मा चढवला. सातवा बघितला, मान हलवली, खाली ठेवला. मग एकेक करत सगळे बघितले. नववा हातात आला तेव्हा ती थांबली. तो फोटो कंपाउंडर काढूनच टाकणार होते. त्यात आक्का खुर्चीत उजवीकडे सरकली होती, तिची बट तोंडावर आली होती आणि डोळे मिटले होते.

"हा मागे कोण?" आक्काने विचारलं.

कंपाउंडर वाकले. आक्का सरकल्यामुळे तिच्यामागचं भांड्यांचं काचेचं कपाट मोकळं झालं होतं, आणि खिडकीचा उजेड अंगावर घेऊन त्या काचेत ते स्वतः उभे होते. पांढरा बनियन, कॅमेऱ्यामागे तिरकं झालेलं डोकं, लक्ष एकवटलं की बाहेर येणारी जीभ. साध्या डेव्हलपरमध्ये त्या बनियनचा नुसता पांढरा ठिपका झाला असता. पण या डागाने काहीही करपू दिलं नव्हतं. बनियनची वीण दिसत होती. खांद्यावरचं भोक तर फारच स्वच्छ आलं होतं.

"मला हा हवा," आक्का म्हणाली.

"अगं, यात तुझे डोळे मिटलेत. सातवा घे. सातव्यासाठी काय काय झालंय, तुला माहीत नाही!"

"सातवा तुला ठेव. तुला मी दिसायला हवी ना? मला तिकडे मी कशाला हवी? मी तर रोज आरशात असतेच." तिने फोटो पदराने पुसला, तो कोरडाच होता तरी. "लहानपणी शाईच्या दौतीत बोळा बुडवताना अशीच जीभ काढायचास."

कंपाउंडर खिडकीकडे बघत उभे राहिले. बायकोने पुढे वाकून फोटो नीट निरखला आणि मग त्यांच्याकडे वळली.

"निदान चांगला बनियन तरी घालायचात!"

"मला काय माहीत," कंपाउंडर म्हणाले, "फोटो माझा निघतोय म्हणून!"